रंग कळीत भरतो: वाचकांचे प्रश्न, काकांची उत्तरं

यावेळचा पत्रांचा आणि व्हॉट्सअ‍ॅपचा गठ्ठा उघडला तर जवळजवळ सगळ्यांनी रंगाचंच विचारलंय. कुणाचं फूल फिकं पडतंय, कुणाचं नको तेव्हा लाल होतंय, कुणाच्या गळ्यात दुकानदाराने हार्मोनची बाटली मारलीय. म्हणून मावा, तुडतुडे, कुंडीचं भोक वगैरे पुढच्या अंकावर ढकलतो आणि आज फक्त रंग आणि हार्मोन घेतो. नावं छापू नका असं बऱ्याच जणांनी बजावलंय, म्हणून प्रश्नाखाली फक्त भाग दिलाय.

काका, दारात मांडवावर मधुमालती सोडलीय. संध्याकाळी पांढरी उमललेली फुलं दुसऱ्या दिवशी गुलाबी आणि नंतर चक्क लाल होतात, एकाच घोसात तीन रंग. शेजारच्या वहिनी म्हणतात शेणखत जास्त झालं. खरं का? – जुळे सोलापूर

वहिनींना सांगा, शेणखताचा यात काही दोष नाही. मधुमालती जगभर असंच वागते. फूल संध्याकाळी उमलतं तेव्हा पांढरं असतं, नळी लांबलचक आणि वास जोरात, कारण रात्री लांब सोंडेचे पतंग येतात आणि अंधारात त्यांना पांढरं दिसतं, लाल दिसत नाही. उजाडलं की त्याच पाकळीच्या पेशींमध्ये अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य तयार व्हायला लागतं, आधी गुलाबी मग लाल, आणि दिवसा येणारी मंडळी वेगळी, मधमाश्या फुलपाखरं वगैरे. म्हणजे पाकळी उमलली की काम संपलं असं नसतं, ती जिवंत आहे आणि तिच्यात कारखाना चालूच आहे.

आता रंगांची थोडी ओळख करून देतो, खाली परत परत लागणार आहे. फुलात मुख्य तीन घराणी. अँथोसायनिन पाण्यात विरघळतं, पेशीच्या मधल्या पाण्याच्या पिशवीत म्हणजे रिक्तिकेत राहतं, लाल गुलाबी जांभळा निळा हे बहुतेक सगळे त्याचे. कॅरोटिनॉइड तेलकट, पाण्यात उतरत नाही, पिवळा आणि केशरी, झेंडूचा रंग हाच, म्हणून झेंडूचा हार पावसात भिजला तरी रंग सुटत नाही. तिसरं बीटालेन, मोजक्याच झाडांत असतं, बोगनवेल, गुलबक्षी, चिनीगुलाब, कोंबडा, आणि स्वयंपाकघरातलं बीट. गंमत म्हणजे ज्या झाडात बीटालेन आहे त्यात अँथोसायनिन कधीच सापडत नाही, दोन्ही एका घरात नांदतच नाहीत. आणि पांढऱ्या फुलात पांढरा रंग असा काही नसतो, पाकळीच्या आतल्या हवेच्या पोकळ्यांवर उजेड विखुरतो म्हणून मोगरा पांढरा दिसतो. पटत नसेल तर एक पाकळी दोन बोटांत दाबून रगडा, हवा निघून जाते आणि दाबलेली जागा काचेसारखी पारदर्शक होते.

घाणेरीचंही बघा, माळरानावर कुठेही सापडेल. घोसाच्या मधली ताजी फुलं पिवळी, कडेची जुनी गुलाबी. तिथे नुसतं वय मोजलं जात नाही, परागकण पडला की रंग बदलायची खूण मिळते, दिल्ली विद्यापीठाचे एच. वाय. मोहन राम आणि सहकाऱ्यांनी १९८४ मध्ये यावर छान काम मांडलंय. पिवळं म्हणजे आत या, गुलाबी म्हणजे इथलं काम झालंय. जुनी फुलं झाडाने टाकून का दिली नाहीत तर लांबून घोस मोठा आणि रंगीत दिसावा म्हणून. फुलपाखरू जवळ आलं की बरोबर पिवळ्यावरच बसतं, दहा मिनिटं उभं राहून बघा.

दुकानदाराने जीएची बाटली दिली, म्हणाला फुलाला रंग आणि साइज दोन्ही येतंय, सगळ्या कुंड्यांवर मारा. माझ्याकडे पिटुनिया, मोगरा आणि ड्रममध्ये आंब्याचं कलम आहे. मारू का हो काका? – विजापूर रोड

मारू नका, निदान आधी हे वाचा.

जीए म्हणजे जिबरेलिक अ‍ॅसिड, जिबरेलिन या हार्मोन घराण्यातलं. आपल्याकडच्या द्राक्षवाल्यांना याची ओळख करून द्यायला नको, मणी लांबवायला आणि फुगवायला ते सर्रास वापरतात. याचा शोध जपानमध्ये भाताच्या एका रोगातून लागला, रोप ताडमाड उंच वाढायचं आणि मग कोलमडायचं. १९२६ मध्ये कुरोसावा यांनी दाखवलं की रोपावरची बुरशी जे काही सोडते त्यानेच हे होतंय, आणि १९३५ मध्ये याबुता यांनी त्याला जिबरेलिन नाव दिलं. नंतर कळलं की झाडं स्वतःसुद्धा हे बनवतात, बुरशीची गरजच नाही.

दुकानदाराचं अर्धं खरं आहे आणि ते अर्धं नेमकं पिटुनियाचं आहे. पिटुनियाच्या पाकळीत रंग कसा भरतो यावर शास्त्रज्ञांनी खूप खटपट केलीय. कळी अगदी कोवळी, पाकळ्या अजून हिरवट असताना ती हळूच उघडून आतले परागकोश काढून टाकले तर पाकळीची वाढ खुंटते आणि रंगही नीट भरत नाही, कळी फिकीच राहते. तिला बाहेरून जिबरेलिन दिलं की वाढ सुरू आणि रंगही सुरू. एवढंच कशाला, कोवळी पाकळी झाडावरून तोडून साखरेच्या द्रावणात ठेवली आणि त्यात जिबरेलिन टाकलं तरी ती बशीत रंगते, नुसत्या साखरेवर रंगत नाही. याचा अर्थ असा की परागकोशांकडून पाकळीला जिबरेलिनची खबर जाते, पराग तयार होतायत, आता तू रंग भर, मग पाकळीतले रंगद्रव्य बनवणारे जीन चालू होतात. उजेड लागतो, साखर लागते, आणि हार्मोन लागतो, तिन्ही पाहिजेत. मला हा प्रयोग फार आवडतो कारण परागाच्या आणि रंगाच्या वेळा कशा जुळतात ते त्यात उघड दिसतं, पराग तयार नसताना जाहिरात करून झाडाला काय मिळणार.

पण बघा, हे सगळं कळीत चाललंय. उमललेल्या फुलावर जीए मारून रंग वाढत नाही. आणि चांगल्या जोमदार पिटुनियाच्या कळीत परागकोश स्वतःच पुरेसं जिबरेलिन बनवतायत, तुम्ही वरून अजून ओतलं तर रोप लांबकुडं होऊन कुंडीबाहेर लोळेल.

आणि आंबा? तिथे तर उलटं. आंब्यात जिबरेलिन जास्त असलं की मोहर येत नाही, नुसती पालवी फुटते. हापूसवाले झाडाच्या बुंध्याशी कल्टार ओततात ते कशासाठी, ते औषध झाडातलं जिबरेलिन बनणंच रोखतं, म्हणून मोहर लवकर येतो. तुम्ही त्या कलमावर जीए मारलं तर दुकानदाराला पैसे देऊन मोहर घालवला असं होईल. एकच बाटली एका कुंडीत रंग आणते आणि दुसऱ्या कुंडीत फूलच बंद करते, म्हणून "सगळ्यांवर मारा" हे वाक्य ऐकलं की दुकानातून बाहेर पडायचं. हार्मोन हे टॉनिक नाही, झाडाला दिलेला निरोप आहे, आणि निरोप कुणाला, कुठल्या वेळी दिला यावर सगळं आहे.

मोगऱ्याला यातलं काहीच नको. छाटणी झाली नसेल तर या आठवड्यात करा, जुनी पानं काढा, शेणखत घाला, मग पाणी. नव्या फुटीवर कळ्या येतात, एप्रिल-मेमध्ये ओंजळ भरेल.

आमचा गुलाब डिसेंबरात काळपट लाल फुलतो, मे महिन्यात तोच फिका गुलाबी आणि लहान. नर्सरीवाल्याने फसवलं का? – होटगी रोड

नाही फसवलं, सोलापूरच्या उन्हाने केलं. अँथोसायनिन बनवणारी यंत्रणा थंडीत जोरात चालते आणि उकाड्यात मंदावते, वर बनलेलं रंगद्रव्य उष्णतेने तुटतंही. त्यात अँथोसायनिनला साखर जोडलेली असते, ती साखर पानांतून येते, आणि आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा ४२ च्या वर गेला की रात्रीही झाडाला गारवा मिळत नाही, दिवसा कमावलेली साखर रात्री श्वसनातच जाते. कळीपर्यंत पोचणार काय.

याच्या उलट डिसेंबर-जानेवारीत रात्री गार पडतात तेव्हा काही गडद लाल जातींच्या पाकळ्यांच्या कडा काळ्या पडतात, लोक रोग समजून बुरशीनाशक मारतात. तो रोग नाही, रंगच एवढा दाटतो की काळा दिसतो.

करायचं काय तर कळी वाटाण्याएवढी दिसल्यापासून उमलेपर्यंत झाडाला दुपारचं ऊन लागू देऊ नका. सकाळचं ऊन पाहिजे, अकरा-साडेअकरानंतर शेडनेट किंवा भिंतीची सावली. फूल उमलल्यावर कुंडी सावलीत नेण्यात काही अर्थ नाही, रंग तोवर भरून झालेला असतो.

एक मात्र तपासा. फुलं लहान, एकेरी पाकळ्यांची आणि घोसात येत असतील, आणि पानंही वेगळी दिसत असतील, तर डोळा भरलेल्या म्हणजे कलम केलेल्या जागेच्या खालून खुंटाचा फुटवा निघालाय आणि त्यानेच झाड ताब्यात घेतलंय. तो मुळाजवळून ओढून काढा, नुसता कापला तर परत येतो.

दिवाळीत सगळ्यांच्या शेवंत्या फुलल्या, माझी नुसती हिरवीगार. खत पाणी औषध सगळं केलं. गॅलरीत आहे, समोरच म्युनिसिपालिटीचा दिवा. – सात रस्ता

ताई, उत्तर तुम्हीच शेवटच्या तीन शब्दांत लिहिलंय.

शेवंतीला फुलायला लांब रात्र लागते. सप्टेंबरपासून रात्र मोठी होत जाते, पानं ती मोजतात, पानात फायटोक्रोम नावाचं एक द्रव्य असतं ते लाल उजेड ओळखतं, आणि मध्यरात्री थोडा वेळ जरी उजेड पडला तरी झाड समजतं की रात्र दोन तुकड्यांत झाली, म्हणजे लहानच. अजून उन्हाळा आहे असं धरून ते पानं काढत बसतं. दिवस-रात्रीचा हा हिशोब गार्नर आणि अ‍ॅलर्ड यांनी १९२० मध्ये अमेरिकेत तंबाखूवर काम करताना मांडला.

पण रात्र मोजतं पान, आणि कळी येते शेंड्याला, मग निरोप जातो कसा? १९३० च्या दशकात रशियात चायलाख्यान यांनी चक्क शेवंतीवरच प्रयोग केला, खालच्या पानांना लांब रात्र दिली आणि वरच्या पानं काढलेल्या शेंड्याला लांब दिवस, तरी शेंड्याला फुलं आली. म्हणजे पानातून काहीतरी वर जातं. त्यांनी त्याला फ्लोरिजेन नाव देऊन टाकलं आणि मग लोकांनी सत्तर वर्षं ते शोधलं, सापडेना, काही जण तर म्हणायला लागले असं काही नसतंच. शेवटी २००७ मध्ये नक्की झालं की ते एफटी नावाचं एक लहान प्रोटीन आहे, पानात बनतं आणि सालीतल्या रसवाहिन्यांतून शेंड्याला पोचतं.

तुमच्या शेवंतीत ते बनलंच नाही. येत्या सप्टेंबरात कुंडी मागच्या बाजूला किंवा गच्चीवर न्या, जिथे रात्री कसलाच दिवा पडत नाही, किंवा संध्याकाळी सहाला काळं कापड टाकून सकाळी सात-आठला काढा, कळ्यांत रंग दिसेपर्यंत रोज. एक दिवस विसरलात तर जगबुडी नाही पण सारखं विसरू नका. पॉलीहाऊसवाले हेच उलटसुलट करून पैसे कमावतात, आधी रात्री दिवे लावून रोप वाढवतात आणि मग काळं कापड ओढून पाहिजे त्या तारखेला फूल आणतात.

आता मार्च आहे, आत्ता काही करू नका. शेंडे खुडत राहा म्हणजे झुडूप भरदार होईल.

डाळिंबाचा मृग बहार धरायचाय. इथ्रेल मारतो पानगळीला. मुलगा म्हणतो ते पण हार्मोनच आहे, मग त्याने पुढे फुलं गळत नाहीत का? शिवाय मागच्या वर्षी निम्मी कळी गळाली. – सांगोला तालुका

मुलगा हुशार आहे. इथ्रेलमधलं इथेफॉन बाटलीत आंबट द्रावणात शांत बसून असतं, पानात शिरलं की तिथला आंबटपणा कमी असतो म्हणून ते फुटतं आणि इथिलीन वायू सुटतो. इथिलीन हे झाडाचं स्वतःचं हार्मोन आहे, फळ पिकवायचं, पान गाळायचं, फूल कोमेजायचं ही त्याची कामं.

पानाच्या देठाशी ऑक्सिन नावाचं दुसरं हार्मोन आणि इथिलीन यांची रस्सीखेच चालू असते. पान कोवळं आहे तोवर ते ऑक्सिन बनवून देठाकडे पाठवत राहतं आणि देठाची तुटायची जागा शांत राहते, पान जुनं झालं की ऑक्सिन आटतं, इथिलीनचं चालतं आणि तिथल्या पेशी एकमेकींपासून सुटतात. म्हणून तुम्ही पाणी तोडून ताण दिलेल्या बागेत इथ्रेल मारलं की आधी पिकलेली पानं गळतात आणि शेंड्याची कोवळी धरून राहतात.

पुढच्या फुलांवर त्याचा परिणाम राहत नाही कारण इथिलीन वायू आहे, उडून जातो, आणि कळी येते ती पाणी सोडल्यानंतरच्या नव्या फुटीवर. धोका कधी, तर झाडावर आधीच कळी किंवा सेटिंग झालेलं फळ असताना मारलं तर, आणि डोस वाढवला तर. डोस मी इथे छापत नाही, बागेचं वय आणि ताण बघून ठरतो. आपल्या नशिबाने राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र सोलापूरच्या केगावलाच आहे, २००५ पासून, तिथे विचारा, दुकानात नको.

निम्म्या कळीचं म्हणाल तर ती गळाली म्हणून रडायचं कारण नाही. खाली पडलेली फुलं उचलून बघा. बुडाशी निमुळती, घंटीसारखी असतील तर ती नर फुलं, त्यांच्यात अंडाशय नीट बनलेलंच नसतं, ती गळणारच. बुडाशी फुगीर, सुरईसारखी असतात ती धरतात. फुगीर फुलं गळाली असतील तर मात्र पाण्याची ओढाताण, ऊन किंवा परागीकरण कमी असा विचार करायचा. एनएए मारतात ते कृत्रिम ऑक्सिन आहे, म्हणजे वरच्या रस्सीखेचीत ऑक्सिनच्या बाजूने एक माणूस वाढवणं. फुगीर फुलं टिकवायला त्याचा उपयोग होतो, नर फुलाचं त्याने फळ होत नाही.

मी आठवीत आहे. सायन्स प्रोजेक्टला सोलापूरशी संबंधित फुलाचा रंग घ्यायचाय. सगळे गोकर्ण आणि लिंबू करणार आहेत. मला वेगळं पाहिजे. – अक्कलकोट रोड

शाब्बास. गोकर्णाचं निळं पाणी लिंबू पिळल्यावर जांभळं-गुलाबी होतं ते खरंच सुंदर आहे पण आता प्रत्येक कॅफेत मिळतंय. तू करडई घे. आपल्या जिल्ह्यात ज्वारीच्या रानात करडईच्या ओळी असतातच, सोलापुरात करडईवर संशोधनही चालतं, आणि तुझी आजी करडईची भाजी करत असेल ती याच झाडाच्या कोवळ्या पानांची. आत्ता मार्चमध्ये रानात बोंडं वाळत आलीत आणि त्यांच्यावर पाकळ्या अजून आहेत.

आधी निरीक्षण. नवीन उमललेलं फूल भडक पिवळं असतं, मग केशरी होतं आणि सुकताना लालसर. हे अँथोसायनिन नाही आणि झेंडूतलं कॅरोटिनॉइडही नाही, करडईचं स्वतःचं वेगळंच प्रकरण आहे. फुलात भरपूर पिवळा रंग असतो तो पाण्यात विरघळतो, आणि अगदी थोडा, वजनाच्या टक्क्याच्या आतच, कार्थामिन नावाचा लाल रंग असतो तो पाण्यात विरघळत नाही. फूल म्हातारं होताना एका फिकट पिवळ्या द्रव्यापासून हा लाल कार्थामिन तयार होतो, म्हणून ताज्या फुलापेक्षा सुकलेल्यात लाल जास्त मिळतो. फोटो काढशील तर एकच बोंड रोज त्याच वेळी काढ. काही जाती शेवटपर्यंत पिवळ्याच राहतात, त्या घेऊ नकोस.

आता प्रयोग. शेतकऱ्याला विचारून वाळलेल्या पाकळ्या ओंजळ-दोन ओंजळ उपटून घे, बी भरलेलं असतं त्यामुळे त्याचं नुकसान काही नाही, पण जाड हातमोजे घाल, करडईचे काटे चांगलेच बोचतात. पाकळ्या फडक्यात बांध आणि गार पाण्यात चोळ. पिवळं पाणी निघेल. ते ओत, नवीन पाणी घे, परत चोळ, अशी किती वेळा करायचं तर पाणी जवळजवळ स्वच्छ यायला लागेपर्यंत, कंटाळा येईल पण इथेच सगळे चुकतात, पिवळा राहिला तर शेवटी लाल नाही नारिंगी मिळतो. मग पुरचुंडीतल्या पाकळ्या धुण्याच्या सोड्याच्या गार पाण्यात भिजव, अर्धा-एक तास. पाणी तपकिरी-लालसर होईल, कारण कार्थामिन साध्या पाण्यात उतरत नाही पण सोड्याच्या पाण्यात उतरतो. पाकळ्या पिळून काढ, त्या पाण्यात सुती पांढरा कपडा बुडव आणि मग लिंबाचा रस थोडा थोडा टाकत जा. फेस येईल, घाबरू नकोस. पाणी आंबट होत गेलं की कार्थामिनला पाण्यात राहवत नाही, तो सुताला जाऊन चिकटतो आणि तुझ्या डोळ्यासमोर कापड गुलाबी होत जातं. तुरटी वगैरे काही लागत नाही. गरम मात्र कुठेही करू नकोस, लाल रंग उष्णतेने मरतो.

प्रोजेक्टच्या वहीत हेही लिही की इजिप्तमध्ये ममी गुंडाळायच्या कापडांना करडईचा रंग सापडलाय आणि जपानमध्ये ओठांना लावायची जुनी लाली याच कार्थामिनची. आणि केशरात भेसळ करायला याच पाकळ्या वापरतात, हे पण लिही, बाई खूश होतील. चादरीला का वापरत नाहीत असं कुणी विचारलं तर उन्हात विटतो आणि साबणाच्या सोड्यासारख्या गुणाने निघून जातो, पहिल्याच धुण्यात चादर पांढरी.

नवी पेठेत निळा गुलाब बघितला, खरा असतो का? – बाळे

नाही. पांढऱ्या गुलाबाचा देठ निळ्या पाण्यात ठेवतात किंवा वरून रंग मारतात. देठ आडवा कापून बघा, निळे ठिपके दिसतील. गुलाबाकडे डेल्फिनिडिन हे निळ्याकडे जाणारं अँथोसायनिन बनवायचं एन्झाइमच नाही. जपानच्या सनटोरी कंपनीने दुसऱ्या फुलाचा जीन घालून एक गुलाब केला, २००९ पासून विकतात, पण तो निळा कमी आणि फिकट जांभळा जास्त. खरी निळी झाली ती शेवंती, २०१७ मध्ये, पुन्हा जपानमध्येच, आणि तिच्यात घातलेल्या दोन जीनपैकी एक आपल्या कुंपणावरच्या गोकर्णाचा होता.

बोगनवेलीला पाणी खत सगळं घालतोय, नुसती पानं. हायवेच्या डिव्हायडरवरची मात्र लालेलाल, तिला तर कोण विचारत पण नाही की ओ. – कुंभारी

म्हणूनच ती लाल आहे की! पाणी तोडा. पानं थोडी मलूल दिसली की मग द्या, आणि युरिया बंद. जे रंगीत दिसतं ती पाकळी नसून पानंच आहेत, खरं फूल मधली ती बारीक पांढरी नळी.

सिद्धेश्वर मंदिराच्या रस्त्याला आमचा हाराचा गाळा आहे. गुलाब रात्री नीट ठेवले तरी सकाळी पाकळ्या झडतात, झेंडू आणि शेवंती ठीक. बर्फ पण ठेवतो. – हारवाले

दादा, तुम्ही पाठवलेल्या गाळ्याच्या फोटोत मागे केळीचे घड दिसतायत, नारळ-केळीचा धंदा पण तिथेच दिसतोय. पिकणारं केळ इथिलीन सोडतं, वर डाळिंबवाल्यांना सांगितलं तेच, आणि बंद गाळ्यात रात्रभर ते साठतं. गुलाबाला ते लगेच लागतं, पाकळी देठापासून सुटते. कार्नेशन आणि ऑर्किड त्याहून नाजूक. शेवंती आणि जरबेऱ्याला फारसा फरक पडत नाही, म्हणून तुम्हाला वाटलं गुलाबच खराब आला. बर्फाने उपयोग होतो कारण गारव्यात फूल स्वतः इथिलीन कमी बनवतं आणि बाहेरचं आलं तरी त्याचा परिणाम कमी होतो, पण केळ शेजारी असेल तर बर्फ किती पुरणार.

उदबत्तीचा धूरसुद्धा त्याच खोलीत नको, अर्धवट जळणाऱ्या धुरात इथिलीन असतं. १९०१ मध्ये रशियातच नेल्यूबोव्ह यांनी प्रयोगशाळेतल्या गॅसच्या दिव्याने वाटाण्याची रोपं वेडीवाकडी का वाढतात याचा शोध घेतला तेव्हाच तर इथिलीनचं नाव पुढे आलं.

केळी दुसऱ्या खोलीत किंवा बाहेर गाडीवर ठेवा, नसेल जमत तर गुलाब घरी न्या. फुललेले, पराग सांडणारे गुलाब वेगळे काढा, कोमेजणारं फूल स्वतःच इथिलीन सोडतं आणि शेजारच्यांना पण घेऊन जातं. आणि सकाळी घेताना कळी अर्धी उघडलेलीच घ्या, पूर्ण उमललेला गुलाब स्वस्त मिळतो खरा पण दुपारपर्यंत हारात नुसता दोराच उरतो.